अकरा घरांचे अहो

त्या सकाळी ताटके गार्डांनी चहा पिऊन झाल्यावर कपबशी स्वतः विसळून पालथी घातली आणि अपर्णाबाई घाबरल्या.

दुसऱ्या एखादीनं देवापुढं साखर ठेवली असती. पण अपर्णाबाईंना आपल्या नवऱ्याची पक्की माहिती होती. भालचंद्र ताटके यांनी सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. मिरज ते पुणे, मिरज ते बेळगाव अशा किती फेऱ्या झाल्या त्याला गणतीच नाही. पण कपबशी घेऊन स्वयंपाकघरातल्या बेसिनपर्यंतची फेरी त्यांनी एकदाही केली नव्हती. चहा झाला की कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा आणि पेपर उघडायचा, हा रिवाज. त्या कपावरून बाईंनी संसारभर कटकट केली होती. आता कटकटीचं कारणच उरलं नाही, तर त्यांना रडू फुटायची वेळ आली.

"अहो, बरं वाटत नाही का?"

"उत्तम," गार्ड म्हणाले. मग दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात बाजूला पसरले आणि "एक, दोन, तीन, चार" म्हणत उड्या मारू लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस! भिंतीवरचं घड्याळ हलायला लागलं.

बाईंनी पिशवी उचलली आणि भाजीचं निमित्त करून त्या बाहेर पडल्या. खरं तर त्यांना एकच गोष्ट तपासायची होती. त्या घराबाहेर पडल्या की गार्ड बाल्कनीत येऊन उभे राहत. बाई कोपऱ्यावर पोचून मागं वळल्या की ते उजवा हात उंच धरून सावकाश हलवत, अगदी हिरवी झेंडी दाखवावी तसा. मगच बाई वळणापलीकडं जात. "गार्डची झेंडी दिसली की ड्रायव्हर शिट्टी देतो," गार्ड नेहमी तक्रार करत. "तू काहीच देत नाहीस. सिग्नल अर्धा राहतो." त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं, "मग काय भर रस्त्यात शिट्टी मारू?"

आज कोपऱ्यावर त्या वळल्या. त्यांची बाल्कनी रिकामी होती. मात्र तिच्या बरोबर वरच्या मजल्यावर, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले बाळासाहेब चौगुले उभे होते. ज्यांच्या ओरडण्यानं झाडावरची पाखरं उडत, ते बाळासाहेब हिरवा नॅपकिन उंच धरून अपर्णाबाईंना सावकाश हलवून दाखवत होते.

बाई भाजी न घेताच परत फिरल्या.

*

आता वळणपट्टीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

माणसाची आठवण आणि माणसाची सवय या मेंदूत एका खोलीत राहत नाहीत. सकाळी काय खाल्लं हे विसरलेला म्हातारा शर्टाची बटणं मात्र न बघता लावतो. सवयीची खोली तेवढी मागं आणि भक्कम असते. संशोधकांच्या लक्षात आलं की हात हलण्याच्या अगदी किंचित आधी मनगटातल्या नसांमधून त्या हालचालीचा निरोप धावत जातो. तो निरोप वाचणारी पट्टी त्यांनी बनवली. घड्याळासारखी बांधायची. ती माणसाच्या सवयी शिकते: चष्मा कुठं ठेवतो, किल्ली कुठल्या खिशात, गोळी कशानंतर. माणूस मध्येच अडखळला, पुढं काय हे त्याला सुचेना, की पट्टी त्याच निरोपाची हलकी चुणूक मनगटाला देते आणि हात उरलेलं काम आपोआप करतो. पट्टी हुकूम देत नाही, आठवण देते. शरीराला यातला फरक फारसा कळत नाही, तो भाग वेगळा.

ताटके गार्डांना दोन वर्षांपासून विसर पडायला लागला होता. एकदा ते जेवणाचा डबा घेऊन ड्यूटीवर हजर व्हायला स्टेशनात गेले. तिथल्या तिकीट खिडकीवरच्या पोरीनं प्रेमानं चहा पाजून घरी आणून सोडलं. त्यानंतर पट्टी आली आणि घर पुन्हा रुळावर आलं. गार्ड पूर्वीसारखे वागू लागले. कप खिडकीत, किल्ली डाव्या खिशात, झेंडी बाल्कनीत. बाईंना त्या पट्टीला हळदकुंकू वाहावंसं वाटे.

मिरजेच्या त्या कृष्णातीर सोसायटीत सगळेच निवृत्त. गार्डांचं बघून अकरा घरांत पट्ट्या आल्या. कुणाला गरज होती, कुणाला शेजाऱ्याकडं आहे म्हणून. वर्षभर प्रत्येक पट्टी आपापल्या घरच्या यंत्राशी जोडलेली होती आणि सगळं सुरळीत होतं. मग या महिन्याच्या सुरुवातीला सोसायटीचे अध्यक्ष जनार्दन हुपरीकर, निवृत्त बँक मॅनेजर, यांनी स्वस्तात पडतो म्हणून सगळ्यांसाठी एकच सर्व्हर घेतला. त्याचं काम एवढंच, की पट्टीतली, घरातली आणि सोसायटीच्या दवाखान्यातली फाइल कायम एकसारखी ठेवायची. एका ठिकाणी बदल झाला की बाकीच्या ठिकाणी तो आपोआप पोचवायचा.

तो बसवायला कंपनीकडून आली शबाना मुजावर. इथलीच, सतारमेकर गल्लीतली, चाळिशीची बाई, स्पष्ट बोलणारी. तिनं बजावलं होतं, "हुपरीकर काका, प्रत्येक घराला आपला कप्पा वेगळा द्या."

"आपली सोसायटी म्हणजे एक कुटुंब आहे," अध्यक्ष म्हणाले. "कुटुंबात कप्पे नसतात."

"निदान सर्व्हरकडून पट्टीकडं काही पाठवायचं तर आधी घरच्यांना विचारू दे."

"दर वेळी विचारत बसलं तर ते यंत्र कसलं?"

"बरं, जुन्या प्रती वर्षभर ठेवूया."

"महिनाअखेरीला पुसायच्या. बँकेतसुद्धा आम्ही महिनाअखेर चोख ठेवत होतो."

अध्यक्षांनी फक्त एकच सेटिंग आपणहून कडक ठेवायला लावलं: सगळ्या सभासदांच्या एकमुखी संमतीवाचून कुणाच्याही जुन्या प्रतीला हात लावायचा नाही. शबानानं कपाळाला हात लावला आणि फाइलला नाव कसं द्यावं याचे नियम तेवढे टाइप करून फलकावर डकवले. नाव एकाच माणसाचं, त्याचं स्वतःचं असावं, नात्याचं नसावं, फार लांबलचक नसावं, त्या नावानं दुसऱ्या कुणाची ओळख पटू नये. तो कागद सोसायटीत एकाच माणसानं वाचला. ताटके गार्डांनी. रेल्वेच्या नियमांचं पुस्तक वाचावं तसा, चष्मा लावून, बोट फिरवत. "तुम्हाला काय करायचंय?" असं म्हणून बाईंनी त्यांना ओढून घरी नेलं होतं.

*

"काकू, हे बघा," शबानानं पडदा अपर्णाबाईंकडं वळवला.

सोसायटीच्या ऑफिसात दोघीच होत्या. पडद्यावर एकाखाली एक अकरा ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीत एकच शब्द. अहो. अहो. अहो.

"पट्टी घेतली तेव्हा तिनं तुम्हाला एक प्रश्न विचारला असेल."

बाईंना आठवलं. गोड आवाजात पट्टी म्हणाली होती, ‘आपण यांना काय म्हणून हाक मारता?’ आणि बाईंनी खरं ते सांगितलं होतं. अकराही घरांतल्या बायकांनी खरं ते सांगितलं होतं.

"प्रश्न विचारणाराच गाढव," शबाना म्हणाली. "आमच्याच कंपनीतला आहे. कधी सासुरवाडी बघितलेला नसणार. आमच्या सासूबाईसुद्धा सासऱ्यांना ‘शब्बीरके अब्बा’ म्हणतात. घरातल्या घरात होतं तोवर चाललं. एका घरात एकच अहो असतो. पण सर्व्हरला माणूस ओळखू येत नाही, काकू, त्याला नाव ओळखू येतं. एकाच कप्प्यात अकरा अहो आले, त्यानं धरून चाललं की हा एकच गृहस्थ अकरा ठिकाणी राहतो."

"म्हणजे यांच्यात..."

"सगळे मिसळलेत. शेवटची नोंद जी येईल ती खरी, असा त्याचा हिशेब; कुणाची सवय कधी कुणाच्या हातात जाईल, नेम नाही. पहाटे शाळेच्या सवयीनं गुरव सर कवायत करतात, ती सगळ्यांच्या पट्टीत जाते. हुपरीकर काका चहा झाल्यावर कपबशी विसळतात—"

"हुपरीकर विसळतात?"

"हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

एवढ्या काळजीतही अपर्णाबाईंना हसू आलं. मग ते विरलं. "बाकीच्यांचं ठीक आहे गं. त्यांची डोकी शाबूत आहेत. पट्टी काढून ठेवली तर चार दिवसांत ताळ्यावर येतील. यांचं सगळं त्या पट्टीतच आहे. काल दारात उभे होते किल्ली घेऊन. कुठल्या खिशात टाकायची ते हाताला आठवेना. माझ्याकडं बघितलं त्यांनी. घाबरले होते. रात्रीच्या गाडीत एकटे असायचे शेवटच्या डब्यात, तेव्हा कधी घाबरले नाहीत."

शबानानं पडद्यावरची यादी खाली सरकवली. मग म्हणाली, "गेल्या महिन्याच्या जुन्या प्रती अजून आहेत. महिनाअखेरीला पुसल्या जातील. तोवर प्रत्येकीनं आपल्या आवाजात आपल्या नवऱ्याचं खरं नाव सांगितलं, तर मी नवे कप्पे करून ज्याचं त्याला परत देईन. पण सगळ्या अकराजणींची संमती पाहिजे. ती एकच अट हुपरीकर काकांनी धड घातली, आणि तीच नेमकी आडवी आली."

"खरं नाव," अपर्णाबाई पुटपुटल्या. बँकेत, दवाखान्यात ते नाव त्यांनी शेकडो वेळा लिहिलं होतं. तोंडानं मात्र लग्नातल्या उखाण्यानंतर कधी उच्चारलं नव्हतं. कुणी बंदी केली नव्हती. जीभच तिकडं वळत नसे.

*

सभा बोलावली. बायका एका बाजूला, अहो दुसऱ्या बाजूला. अध्यक्ष प्रास्ताविकाला उठले आणि मध्येच बोट जिभेला लावून हवेतल्या नोटा मोजू लागले. ती त्यांची स्वतःचीच सवय होती. पण त्यांच्याबरोबर आणखी दहा पुरुषांनी बोटं जिभेला लावली आणि नोटा मोजायला घेतल्या.

शबानानं सगळं समजावून सांगितलं. दहा हात वर झाले. अकरावा झाला नाही.

"मला न्हाई बदलायचं," मालन चौगुले म्हणाल्या. "कुणाला काय म्हणायचंय ते म्हणा. माझ्या मालकांनी आजवर पाण्याचा तांब्या उचलून घेतला न्हाई. आता सकाळी चहा करून देत्यात. कपडे वाळत घालत्यात. माझं नशीब उशिरा उघडलंय, ते तुमी माझ्या हातानं मिटाय सांगताय व्हय?"

बाळासाहेब बाजूलाच बसले होते. त्यांनी मालनवहिनींचा पदर खुर्चीखाली आला होता तो हळूच सोडवून दिला. बायकांच्या बाजूनं एक उसासा निघाला. खरं सांगायचं तर त्या क्षणी वर झालेल्या दहा हातांपैकी दोन-तीन डगमगले.

अपर्णाबाईंनी समजावलं, शबानानं समजावलं, अध्यक्षांनी उपनियम वाचून दाखवले. मालनवहिनी ढिम्म. सभा चहा पिऊन संपली. कप पुरुषांनी विसळले.

महिनाअखेर जवळ येत चालली. ताटक्यांच्या घरात गार्ड दिवसेंदिवस शहाण्यासारखे वागू लागले आणि बाई दिवसेंदिवस खंगू लागल्या. गार्ड भाजी निवडत. गादीवरची चादर ताणून घालत. "काही हवं का तुम्हाला?" असं बाईंना विचारत. तुम्हाला! अकरांतल्या कुठल्या सभ्य गृहस्थाची ही सवय, देव जाणे. बाईंना वाटे, घरी कुणी पाहुणा राहायला आलाय आणि तो जायचं नाव घेत नाही, आणि आपलं माणूस मात्र कुठल्यातरी फलाटावर उभं राहून आपल्या गाडीची वाट बघतंय.

शेवटी एका दुपारी त्या जिना चढून चौगुल्यांच्या दारात गेल्या. त्यांना बोलायला अवसर मिळालाच नाही.

"या काकू, तुमाशीच बोलायचं हुतं," मालनवहिनींनी त्यांना आत ओढलं आणि दार लावलं. "तुमी भायेर निघाला की आमचे मालक बाल्कनीत पळत्यात. हिरवा फडका घेऊन. आज मी मागं जाऊन बघितलं. तुमाला हात करत्यात! ह्या वयात! काय समजायचं मी?"

अपर्णाबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"मालनवहिनी, ते तुमचे मालक नव्हेत. ते माझे आहेत. माझ्या नवऱ्याचा हात आहे तो, तुमच्या बाल्कनीत आलाय."

मालनवहिनी उभ्याच राहिल्या. अपर्णाबाईंनी झेंडीची सगळी हकीकत सांगितली. शिट्टीची तक्रारसुद्धा. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं, की हे आपण आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

आतून बाळासाहेब दोन कप चहा घेऊन आले, ठेवून गेले. मालनवहिनींनी त्या चहाकडं बराच वेळ बघितलं.

"खरं सांगू का काकू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "परवा मी मुद्दाम आमटीत मूठभर मीठ टाकलं. म्हटलं बघू तरी. एरवी आमटी नुसती अळणी झाली तरी मालकांनी सगळी गल्ली गोळा केली असती. परवा खाल्ली, आन् म्हणाले, ‘छान झालीय.’ छान!" त्यांचा आवाज चिरकला. "त्यो माणूस लई वरडतो. पर आजवर मला एक शब्द खोटा बोललेला न्हाई ओ."

दोघी बायका चहा पिऊ लागल्या. चहा खरोखरच फार सुरेख झाला होता, आणि दोघींनाही तो गोड लागला नाही.

*

महिन्याच्या शेवटच्या दिवशी अकराजणी सोसायटीच्या हॉलमध्ये जमल्या. शबानानं माइक मध्ये ठेवला. पुरुषांना मुद्दाम दाराबाहेर बसवलं होतं; तरी दार किलकिलं होतं.

"एकेकीनं यायचं आणि नाव सांगायचं. बस्स."

पण नुसतं नाव सांगायला कुणी धजेना. माइकपर्यंत जायचं, पदर सावरायचा, हसायचं आणि परत फिरायचं, असं दोघींचं झालं. शेवटी अध्यक्षीणबाई हुपरीकर पुढं झाल्या. खाकरल्या आणि त्यांनी सरळ उखाणा घेतला.

"सांगलीची हळद, मिरजेची सतार, जनार्दनरावांचा संसार म्हणजे सगळाच कारभार!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. यंत्र थोडं थांबून गंभीरपणे म्हणालं, ‘नाव मान्य नाही. नाव फार लांब आहे.’

"काकू, फक्त नाव घ्या. पुढचं मागचं नको," शबाना म्हणाली.

"फक्त नाव कसं घेणार? काहीतरीच!"

"अहो, तुम्ही एम. ए. आहात ना?"

"म्हणून काय नवऱ्याचं नाव उघडंबोडकं घेऊ?"

शबानानं दोन्ही हात जोडले आणि लॅपटॉप पुढ्यात ओढला. नियमात माणूस बसत नसेल तर नियमाला थोडं सरकून बसायला लावावं, एवढं शहाणपण तिला सतारमेकर गल्लीतच मिळालेलं होतं. तिनं यंत्राला सांगितलं, की बाई बोलेल ते सगळं ऐकून घे, त्यातून माणसाचं नाव तेवढं वेचून काढ, पुढं आडनाव जोड आणि बाकीचं सोडून दे. यंत्र म्हणालं, ‘जनार्दन हुपरीकर. नाव मान्य.’

मग कुणी थांबायलाच तयार होईना. गुरवबाईंनी तर दोन उखाणे घेतले, एक यंत्रासाठी आणि एक आपल्या हौसेसाठी. मालन चौगुले माइकपाशी आल्या, तेव्हा सगळ्या पुढं सरकून बसल्या. संमती त्यांचीच राहिली होती.

"कारखान्याचा भोंगा वाजतो दिवसातनं तीनदा, बाळासाहेबांचा भोंगा माझ्या घरात वाजू दे पुन्यांदा."

‘नाव मान्य. संमती नोंदवली.’

सगळ्यांत शेवटी अपर्णाबाई. घरी बसून जुळवलेला उखाणा त्या ऐनवेळी विसरल्या. दाराच्या फटीतून त्यांना गार्ड दिसले. बाकावर बसून ते शेजाऱ्यांच्या पिशवीतल्या शेंगा शहाण्यासारख्या सोलत होते. आणि बाईंच्या तोंडून शब्द आपोआप आले.

"शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसला, की गाडी पुरी, भालचंद्ररावांच्या झेंडीवाचून माझी फेरी अधुरी."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एकदोघींनी डोळे पुसले. यंत्र मात्र यंत्रच. ‘भालचंद्र ताटके,’ ते म्हणालं, ‘नाव मान्य.’

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरून अशी काही आरोळी उठली की झाडावरची पाखरं उडाली. चहात साखर कमी पडली होती. "आलं माझं माणूस," असं म्हणत मालनवहिनी जिन्यातून खाली धावत आल्या. आणि ताटक्यांच्या घरात खिडकीच्या कट्ट्यावर एक कप न विसळलेला, तळाशी चहाचा गाळ सुकत असलेला, तसाच पडला होता. अपर्णाबाईंनी त्याच्याकडं डोळे भरून बघितलं. मग सवयीनं कटकट सुरू केली.

*

खरं म्हणजे गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण सर्व्हर आता नीट झाला होता. प्रत्येक घराला कप्पा मिळाला, विचारल्याशिवाय पट्टीत काही जाईना, जुन्या प्रती वर्षभर राहणार होत्या. तेव्हा बायकांनाही पट्ट्या घ्यायचं ठरलं. त्यांच्या नावांची नोंदणी नवऱ्यांनी करायची. शबानानं प्रश्न बदलून घेतला होता. आता पट्टी विचारत होती, ‘यांचं स्वतःचं नाव काय?’

"पुरुषांना नाव घ्यायला लाज नसते," ती अपर्णाबाईंना म्हणाली. "अर्ध्या तासात संपवू."

ऑफिसात रांग लागली. अध्यक्ष पुढं झाले आणि ठासून म्हणाले, "मिसेस हुपरीकर."

‘नाव मान्य नाही.’

"का? त्याच आहेत!"

गुरव सर म्हणाले, "सोनालीची आई." बाळासाहेबांनी माइकशी तोंड नेलं आणि गर्जले, "आमची मंडळी!" माइक चिरकला. मागून मालनवहिनी ओरडल्या, "नाव सांगा की ओ, नाव!" त्यावर बाळासाहेबांनी जे तोंड केलं ते बघून त्यांनी पुढं काही विचारलं नाही. शबाना टेबलावर डोकं ठेवून हसत होती.

शेवटी ताटके गार्ड आले. फलकावरचा कागद त्यांनी वाटेत पुन्हा एकदा वाचलेला असावा. बोट अजून तसंच सरळ होतं.

"कुंदा दांडेकर," ते म्हणाले.

‘नाव मान्य.’

ऑफिसात कुणाला काही कळलं नाही. "ताटके, वहिनींचं नाव अपर्णा ना?" अध्यक्षांनी दबक्या आवाजात विचारलं.

"अपर्णा मी ठेवलेलं. लग्नात, ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं लिहून." गार्ड आपल्या संथ आवाजात म्हणाले. "आमच्या हुद्द्याचं नावपण रेल्वेनं पुढं बदललं. ट्रेन मॅनेजर केलं. झेंडी तीच राहिली. आणि नियमात लिहिलंय, स्वतःचं नाव पाहिजे. दुसऱ्या कुणाची ओळख पटता कामा नये." त्यांनी माइक शबानाकडं सरकवला. "ती आली तेव्हा कुंदा होती."

अपर्णाबाईंनी चटकन वर बघितलं. त्या नावानं हाक मारणारं त्यांच्या माहेरी आता कुणीही उरलं नव्हतं. लग्नानंतर सासरी ते कुणी एकदाही उच्चारलं नव्हतं, यांनीसुद्धा नाही.

"पट्टीनं बरोबर आठवण दिली हं काकांना," अध्यक्ष कौतुकानं म्हणाले.

शबानानं गार्डांच्या मनगटाकडं बघितलं. मग भिंतीपाशी, जिथं तिनं सकाळीच गार्डांची पट्टी चार्जिंगला लावली होती, तिकडं बघितलं. "काकू," ती इतकंच म्हणाली, "पट्टी तिथं आहे."

बाईंना तिथं उभं राहवेना. "कोथिंबीर संपलीय," असं काहीतरी पुटपुटत त्या पिशवीही न घेता बाहेर पडल्या. रस्त्यावर पोरंटोरं होती, भाजीवाला होता, ऑफिसच्या दारात अर्धी सोसायटी उभी होती. कोपऱ्यापर्यंत त्या मान खाली घालून झपाझप चालत गेल्या. तिथं पोचल्यावर नेहमीसारख्या मागं वळल्या.

ऑफिसच्या पायरीवर गार्ड उभे होते. उघड्या मनगटाचा उजवा हात उंच धरून सावकाश हलवत होते.

कुंदानं दोन बोटं ओठांत घातली आणि भर रस्त्यात खणखणीत शिट्टी मारली.